रंग तसाच राहू द्या: १९६६च्या जॅझ बेसची उलटतपासणी आणि दुरुस्ती

(दृश्य: पाठीमागची नेक-प्लेट, अगदी जवळून)

नेक (गिटारची लांब मान) बॉडीला जोडणारी ही प्लेट: चार स्क्रू, मध्ये मोठा कोरलेला ‘एफ’ आणि त्याच्या वर सहा आकडी क्रमांक. फेंडर या अमेरिकी कंपनीचा जुना बेस (खालच्या सुरांची चार तारांची गिटार) हातात आला की पहिली नजर इथेच जाते आणि फसगतीची सुरुवातही इथूनच होते. ‘एफ’ असलेली प्लेट १९६५च्या अखेरीपासून १९७६पर्यंत वापरात होती. फुलर्टनच्या कारखान्यात प्लेटा खोक्यात पडलेल्या असत, जी हाताला लागेल ती बसवली जाई. त्यामुळे क्रमांक फार तर आसपासचं वर्ष सांगतो. शिवाय प्लेट म्हणजे चार स्क्रूंवर बसलेला पत्रा. ती कुठल्याही बेसवरून काढून कुठल्याही बेसवर लावता येते.

खरी तारीख आत आहे.

(दृश्य: तारा सैल होतात, स्क्रू निघतात, नेक वेगळी होते)

आधी तारा पूर्ण सैल. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण असतो. तो असताना स्क्रू काढले तर नेक खाचेच्या कडेवर घासते आणि तिथला रंग टवका होऊन उडतो. स्क्रूड्रायव्हर मापाचाच हवा. साठ वर्षं न हललेल्या स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की पुढचं काम ड्रिलने करावं लागतं.

नेकच्या टोकावर शाईचा शिक्का दिसतोय: ‘७ मे ६६ ए’. ही ७ मे नव्हे. सुरुवातीचा ७ हा मॉडेलचा आकडा आहे, जॅझ बेसचा. प्रिसिजन बेस असता तर तिथे ५ आला असता. शेवटचा ‘ए’ म्हणजे नटपाशी (डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीपाशी) नेकची रुंदी दीड इंच, सगळ्यात अरुंद. म्हणजे महिना आणि वर्ष मिळालं, दिवस मिळालेला नाही. तेही फक्त नेकचं. बॉडीशी तिची गाठ आणखी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही पडलेली असू शकते.

(दृश्य: फिंगरबोर्डची कड, पांढरी किनार, गोल ठिपके)

नेकला पांढरी किनार आहे, पण फिंगरबोर्डवरच्या (तारा दाबायच्या पट्टीवरच्या) खुणा अजून गोल ठिपक्यांच्या आहेत. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने जानेवारी १९६५मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर घेतली, त्यानंतरची ही किनार. चौकोनी खुणा आल्या त्याच्याही नंतर, १९६६ सरताना. शिक्क्यावरच्या तारखेशी हे जुळतं.

फिंगरबोर्डचं लाकूड पाहा. याच सुमाराला फेंडरने ब्राझीलची शिसवी सोडून भारतीय शिसवी घ्यायला सुरुवात केली, म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण अंगाला वाढणारी. दोन्हींत फरक आहे, पण या काळातल्या पातळ थरावरून तो नुसत्या नजरेने सांगणाऱ्यावर जरा कमीच विश्वास ठेवावा. प्रश्न शोभेचा नाही. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंधनं आहेत, आणि परवान्याशिवाय असं वाद्य देशाबाहेर नेणं महागात पडतं.

(दृश्य: कंट्रोल प्लेट उलटी, पॉटच्या कडेवर भिंग)

व्हॉल्यूम दोन, टोन एक. तिन्ही पॉट (बटणांखालचे फिरते रेझिस्टर) २५० किलोओहमचे. कडेवर ठसा: १३७ ६६ ०९. १३७ म्हणजे बनवणारी कंपनी सीटीएस, ६६ हे वर्ष, ०९ हा आठवडा. मार्चची सुरुवात. पॉट आधी बनतो, बेस नंतर; त्यामुळे ही तारीख खालची मर्यादा झाली, बेस याच्या आधीचा असूच शकत नाही. वरच्या मर्यादेसाठी मात्र पॉटवर विसंबू नये. फेंडरने १९६६मध्ये सीटीएसचे पॉट इतके घेऊन ठेवले की ते दशकाच्या शेवटापर्यंत पुरले. ६६चा ठसा असलेले पॉट १९६८-६९च्या बेसमध्येही सापडतात.

आता सोल्डर. मूळ डाग आटोपशीर, मळकट राखाडी. चकचकीत, थबथबलेला डाग दिसला की समजायचं, कोणीतरी आधी येऊन गेलंय. वायर कापडाच्या आवरणाची आहे; प्लॅस्टिकची नंतर आली.

(दृश्य: नेकची खाच; नंतर अंधार आणि जांभळा दिवा)

या फिल्ममधली सगळ्यात महत्त्वाची चौकट हीच. खाचेत रंग न लागलेला पट्टा दिसतोय. रंग फवारताना बॉडी धरायला इथे लाकडी पट्टी स्क्रूने बसवत. तिच्याखाली रंग पोचत नसे. पट्टा आहे, स्क्रूची भोकं आहेत, म्हणजे रंग कारखान्याचा असण्याची शक्यता दाट. खाच सगळीकडून सारखी रंगलेली असेल, तर बॉडी पुन्हा रंगवली आहे असंच धरून चालावं.

अतिनील दिव्याखाली जुनी लॅकर हिरवट-पिवळी उजळते. नंतर दिलेले हात तिथे काळसर ठिगळासारखे उठून दिसतात. इथे एकच ठिगळ आहे, खालच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढं. ते तसंच राहणार.

बॉडीवर बारीक चिरा आहेत, पट्ट्याच्या बकलने पाठ घासली आहे, हात टेकायच्या जागी लाकूड उघडं पडलंय. यातलं काहीही ‘दुरुस्त’ करायचं नाही. मऊ सुती कापड आणि किंचित ओलावा, बस. हेडस्टॉकवरचं (नेकच्या डोक्यावरचं) नाव या काळात लॅकरच्या वर चिकटवलेलं असे. पॉलिशचा एक जोरकस हात, आणि नाव कापडावर. पुन्हा रंगवलेल्या बेसची किंमत साधारण निम्मी होते.

(दृश्य: मल्टिमीटर, मग पिकअपचं जवळून चित्रण)

नेककडचं पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग): ७.३ किलोओहम. ठीक. ब्रिजकडचं (तारांच्या बॉडीवरच्या टोकाकडचं): काहीच नाही, सर्किट तुटलेलं. या पिकअपमध्ये तांब्याची बारीक तार थेट लोहचुंबकांवर गुंडाळलेली असते. घाम आणि दमट हवेने चुंबक गंजतात, गंज फुगतो, तारेचं इनॅमल खातो. पण लगेच सगळी तार सोडायची घाई नको. आधी खालच्या फायबरपट्टीवरची दोन छिद्रं भिंगातून तपासायची, कारण तार पुष्कळदा तिथेच, सोल्डरच्या तोंडाशी तुटते. बाहेरचं टोक असेल तर एखादा वेढा सोडून पुन्हा डाग दिला की काम होतं.

इथे तुटली आहे आतल्या टोकाची. म्हणजे पुन्हा गुंडाळणं आलं.

(दृश्य: गुंडाळण्याचं यंत्र, बोटांमधून सरकणारी तार)

आधी दोन नोंदी: होकायंत्राने चुंबकांची ध्रुवता आणि जुन्या वेढ्यांची दिशा. जॅझ बेसची दोन पिकअप एकमेकांच्या उलट असतात, म्हणूनच दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण थांबते. दिशा चुकली तर पिकअप वाजेल, पण जोडीने वाजताना आवाज पोकळ होईल. तार ४२ गेज, साधं इनॅमल, गडद तपकिरी, ०.०६३ मिलिमीटर. चुंबकांवरचा गंज साफ करून त्यांना लॅकरचा पातळ हात द्यायचा, म्हणजे नवी तार पुन्हा त्याच दुखण्याने मरत नाही. ताण बोटांनीच सांभाळायचा. जास्त झाला तर तार ताणून बारीक होते आणि रेझिस्टन्स फुगतो; कमी झाला तर वेढे ढिले राहून मोठ्या आवाजात शिट्टी मारतात. मोजमाप जोडीदाराच्या आसपास ठेवायचं. मग मेण: पॅराफिन चार भाग, मधमाश्यांचं एक भाग, गरम पाण्यावर ठेवून ६५ अंश. थेट आचेवर नाही. बुडबुडे थांबले की बाहेर.

पॉटना क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस फेऱ्या, खरखर गेली. सिरॅमिक कपॅसिटर जुना म्हणून बदलायची हौस अनेकांना असते. तो चालू आहे, राहू द्या.

(दृश्य: फ्रेटवर काळी शाई, लांब सरळ पट्टी)

शेवटच्या तीन-चार फ्रेटपाशी (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपाशी) उंचवटा आहे. फिंगरबोर्ड तासायचा मोह टाळायचा: १९६२नंतर शिसवीचा थर पातळ झाला, दोन हात जास्त फिरले की खालचं मेपल डोकावतं. फक्त फ्रेटच उतरवायचे, शाई पुसली जाईल तेवढेच. स्टील वूल लावण्याआधी पिकअप कागदी टेपने झाकलेली, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकांना चिकटून बसतो.

ट्रस रॉडचा (नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीचा) नट नेकच्या टोकाला आहे, त्यामुळे नेक वेगळी आहे तोवरच पाव फेरा द्यायचा. अडला तर तेलाचा थेंब आणि एक रात्र. नेक जोडून, तारा चढवून मोजल्यावर सातव्या फ्रेटपाशी फट ०.३५ मिलिमीटर, सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.८, जी तारेखाली २.४.

सोडलेली तार, गळलेला फोम आणि बदललेले दोन स्क्रू एका पिशवीत घालून केसमध्येच ठेवले आहेत. पिशवीवरची चिठ्ठी: ‘ब्रिज पिकअप पुन्हा गुंडाळलं, ४२ गेज इनॅमल, ७.५ किलोओहम. बाकी सोल्डर मूळ. रंग मूळ.’