कसलेले हात आणि गुणांचा तक्ता

श्रोतेहो, नमस्कार. आज कॅनडातल्या घरांविषयी बोलायचं आहे, म्हणजे खरं तर ती घरं बांधणाऱ्या हातांविषयी.

कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाने २०२२ मध्ये हिशेब मांडला. घरं पुन्हा लोकांच्या आवाक्यात यायची, तर नेहमीच्या वेगाने होणाऱ्या बांधकामाखेरीज २०३० पर्यंत आणखी ३५ लाख घरं लागतील. ती बांधणार कोण? तिथले जुने सुतार, गवंडी, प्लंबर निवृत्त होत चालले आहेत. म्हणून बाहेरच्या कारागिरांना बोलावणं सुरू आहे.

पण बोलावण्याची रीत पाहा. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण मिळतात. वयाचे गुण तिशीपासून घटू लागतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. परदेशातला अनुभव तीन वर्षांपुढे कितीही वाढला तरी गुण तेवढेच. सुताराचा हात बसायलाच किती वर्षं जातात! तो खऱ्या अर्थाने मिस्त्री होतो, तेव्हा या तक्त्यात तो उतरणीला लागलेला असतो. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

कारागिरांसाठी २०१३ पासून वेगळी योजना आहे. तीत वर्षभराच्या नोकरीचा लेखी प्रस्ताव तरी हवा, नाहीतर तिथल्या प्रांताचं प्रमाणपत्र. ज्याचं काम कधी पाहिलं नाही, अशा गवंड्याला वर्षभराची नोकरी कोण देईल? २०२३ मध्ये मात्र सरकारने कारागिरांसाठी स्वतंत्र निवड सुरू केली. त्या ऑगस्टच्या पहिल्या फेरीत किमान ३८८ गुणांवर १,५०० जणांना कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करण्याची निमंत्रणं गेली. सर्वसाधारण फेऱ्यांत तेव्हा पाचशेच्या आसपास गुण लागत होते. हे पाऊल योग्यच होतं.

तिथे पोचल्यावर पुढची अडचण परवान्याची. वायरमनसारखी कामं बहुतेक प्रांतांत प्रमाणपत्राशिवाय करता येत नाहीत. त्यामागे कारण आहे. तिथे घरात वीज १२० व्होल्टची, भिंतींचा सांगाडा लाकडी, आणि थंडीत पाइप गोठून फुटतात. नियम शिकलेच पाहिजेत. पण प्रांतोप्रांती मान्य असलेली ‘रेड सील’ परीक्षा लेखी आहे, बहुपर्यायी प्रश्नांची, ७० टक्क्यांना पास. रंधा धरणाऱ्याची परीक्षा रंधा हातात न देता! त्याला जाणत्या कारागिराच्या हाताखाली पूर्ण पगारावर काही महिने काम करू द्या, आणि परीक्षा त्याच कामावर घ्या.

जाण्याचा विचार करणाऱ्या श्रोत्यांना एक सांगतो. आपल्या धंद्यात सगळा व्यवहार तोंडी चालतो, पण तिथे कागद मागतात. ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्याकडून पत्र घ्या. कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास आणि पगार किती, हे सगळं त्यात असू द्या. मालक भेटण्यासारखा आहे तोवरच हे पत्र मागून घ्या.