ओवीचे नाट्यपद होताना

श्रोतेहो, नमस्कार.

संत एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेले ‘रुक्मिणी स्वयंवर’ संगीत नाटकाच्या रूपात उभे करायचे ठरवले, तर कथानकाची अडचण येत नाही. भावाने शिशुपालाशी ठरवलेले लग्न, मनाने कृष्णाला वरलेली मुलगी आणि ऐन वेळी झालेले हरण, एवढा ऐवज रंगभूमीला पुरेसा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ मधल्या ‘सौभद्र’तही बहिणीचे मन एकीकडे आणि भावाचा हट्ट दुसरीकडे असाच पेच आहे, गंमत म्हणजे तिथे दुर्योधनासाठी अडून बसणारा बलराम इथे रुक्मिणीची समजूत घालतो.

अडचण येते ती ओवीची, कारण ओवी निवेदकाची असते आणि पात्र बोलत असतानाही कवी मध्येच दृष्टांत देतो, अध्यात्म सांगतो.

रुक्मिणीच्या पत्राचाच प्रसंग घ्या. भागवतात हे पत्र सात श्लोकांचे आहे. गुण ऐकून जडलेले प्रेम त्यात आहे, सिंहाचा भाग कोल्ह्याने नेऊ नये ही विनवणी आहे आणि त्याबरोबर चोख बेतही आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी नववधू कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाते, तेव्हा मला घेऊन जावे. हे सारे एका पदात कोंबले, तर प्रेक्षक चालीत रमतो, बेत निसटतो आणि पुढचे हरण अचानक घडल्यासारखे वाटते. म्हणून माझ्या मते विनवणी रुक्मिणीने रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूने गावी आणि बेत मात्र पत्र आणणाऱ्या ब्राह्मणाने, पेटी थांबल्यावर, गद्यात सांगावा.

भाषेचा निवाडाही याच न्यायाने करता येतो. गाण्यात ओळ घोळवली जाते, त्यामुळे जुना शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उलगडतो. संवाद मात्र एकदाच कानावरून जातो. तेव्हा पदांत नाथांचे शब्द शक्यतो तसेच ठेवावेत, गद्य आजचे असावे.

नाशिकमध्ये राहून लिहिणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले, त्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते. पुराणकथा संगीत नाटकात आणणे या गावाला नवे नाही. इथल्या एखाद्या हौशी संस्थेने हे मनावर घेतले, तर कालिदास कलामंदिराची तारीख मागण्याआधी कीर्तनकाराकडून हे आख्यान ऐकून घ्यावे. पद कुठे आवरते घ्यायचे आणि कथा कुठे पुढे न्यायची, हे त्यांना रोजच्या सरावाने ठाऊक असते.