एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणजे सगळं ठीक? पार्टिशनमध्ये इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवताना हे बघाच

नमस्कार मंडळी. महिनाभर तोच प्रश्न येतोय, दापोलीतून, आंबोलीतून, गुहागरच्या एका ताईंनी तर फोटोसकट पाठवलाय, की दादा होमस्टेच्या खोलीत जिप्समचं पार्टिशन आहे, त्यात इलेक्ट्रिक फायरप्लेस बसवली तर चालेल का? चालेल. कोकणात शेकोटी कशाला असं ज्यांनी खाली लिहिलंय त्यांनी जानेवारीत पहाटे एकदा आंबोलीला जाऊन यावं, आणि पावसात गाद्या ओलसर लागतात तेव्हा तासभर हीटर फिरला की पाहुण्यांना किती बरं वाटतं ते होमस्टेवाल्यांना विचारा.

बेसिक गोष्टी पटपट सांगतो. चिऱ्याच्या भिंतीचं आज बोलत नाहीये, फक्त पोकळ पार्टिशन. मॅग्नेट फिरवा, चिकटेल तिथे चॅनेल, म्हणजे बोर्डामागची पत्र्याची पट्टी. उभी चॅनेल साधारण २ फुटांवर असतात आणि फायरप्लेस बहुतेक वेळा त्याहून रुंद, म्हणजे मधलं कापावं लागणार, आणि कापलं की वर-खाली आडवं आणि दोन्ही बाजूंना उभं लावून चौकट पक्की करायची. जुन्या घरात लाकडी पार्टिशन असेल तर आधी वाळवी बघा, आणि माळ्याची तुळई त्याच्यावर टेकलीय का तेही, टेकली असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय करवत लावायची नाही. मापं बॉक्समधल्या पुस्तकातलीच घ्यायची. गरम हवेची जाळी झाकायची नाही, मागे ग्लासवूल-थर्माकोल कोंबायचं नाही, समोर ३ फुटांत पडदा नको, गादी नको. झालं.

आता ज्याच्यासाठी कॅमेरा लावलाय ते. भिंतीच्या आतला जॉईंट.

वायर कमी पडली की आपल्याकडे काय करतात, दोन टोकं सोलायची, पीळ द्यायचा, टेप मारायची आणि वरून जिप्समचा बोर्ड ठोकून टाकायचा. दिसत नाही म्हणजे नाहीच. अहो, ही फायरप्लेस म्हणजे आत हीटर आहे, २००० वॅटचा असेल तर २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर खेचतो, आणि तेही तासन्‌तास. पीळ जरा सैल झाला आणि तिथे अर्धा ओहम जरी रोध तयार झाला तरी हिशोब करा, ८.७ गुणिले ८.७ गुणिले अर्धा, ३७-३८ वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि शिसं वितळवते. त्याहून जास्त उष्णता सोडणारं काहीतरी तुमच्या भिंतीत, कागद लावलेल्या बोर्डाच्या मागे, रात्रभर चालू.

एक काका कमेंटमध्ये भांडत होते की एमसीबी आहे ना, पडेल की. काका, नाही पडणार. एमसीबी बघतो करंट किती जातोय, आणि सैल जॉईंटमुळे करंट वाढतच नाही, उलट किंचित कमीच होतो. आरसीसीबी बघतो करंट अर्थला गळतोय का, इथे तोही गळत नाही. दोघांच्या दृष्टीने सगळं छान चाललंय. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावाच, माणूस वाचतो त्याने, पण सैल जॉईंट त्याला दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी हर्णैच्या जवळ एका होमस्टेत गेलो होतो. मालकांचं म्हणणं, खोलीत मासळीसारखा वास येतोय. बंदर जवळ, त्यामुळे तीन दिवस कोणी मनावरच घेतलं नाही, मग वाटलं भिंतीत उंदीर मेला असेल. स्विच आणि सॉकेटचं प्लास्टिक तापलं की असाच कुजक्या माशासारखा वास येतो, हे लक्षात ठेवा. मी मेन बंद करून जिप्समचा बोर्ड उघडला. टेप वितळून खाली ओघळलेली, तांबं काळं, वरचं आवरण बोट लावलं की पापडासारखं तुटत होतं, आणि जिप्समच्या आतल्या कागदावर रुपयाएवढा तपकिरी डाग. एमसीबी चालूच होता. तो डाग अजून डोळ्यासमोरून जात नाही, कारण त्या खोलीत आदल्या रात्री लहान मुलं झोपली होती.

आणि आपल्याकडे खारा वारा. तांब्यावर हिरवट थर धरतो, स्क्रू गंजतात, म्हणजे आज घट्ट असलेला जॉईंट दोन पावसाळ्यांनी घट्ट राहील असं धरूनच चालायचं नाही.

म्हणून डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) वेगळी लाईन, २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, मध्ये कुठेही न जोडता, स्वतःचा १६ अँपिअर एमसीबी, आणि १६ अँपिअरचंच सॉकेट. ६ चं नाही, १६ ची पिन ६ मध्ये घालायचा कन्व्हर्टर नाही, एक्स्टेंशन बोर्ड भिंतीत लपवणं तर अजिबात नाही. चॅनेलच्या भोकातून वायर नेताना पाईपमधूनच न्या, पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, आणि पोकळ भिंतीत उंदीर फिरतात. सॉकेट अशा जागी की फायरप्लेस न उचकटता हात पोचेल. पिन टॉप (प्लग) कापून डायरेक्ट जोडायचं का? पुस्तकात तशी परवानगी असेल तरच, आणि परवानाधारक वायरमनकडूनच.

बसवून झालं की फुल हीटवर अर्धा तास चालवा आणि सॉकेटच्या प्लेटला हाताची मागची बाजू लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा, मेन पाडा, मगच टॉप काढा. पावसाळा संपला की मेन पाडून स्क्रू परत एकदा आवळून घ्या.

गुहागरच्या ताई, तुमच्या फोटोत पांढरी वायर बोर्डाच्या मागे जाते आणि वर सॉकेटपाशी काळी बाहेर येते. म्हणजे मध्ये कुठेतरी जोडलीय. ते उघडून बघेपर्यंत हीटर लावू नका, आणि उघडलंत की फोटो पाठवा.