अकरा सेकंद एकवीस शतांश

(दृश्य : तोकाचीचे बर्फाखाली गेलेले शिवार, क्षितिजापर्यंत पांढरे)

जपानच्या उत्तरेला होक्काइदो हे बेट आहे आणि या बेटाच्या पूर्व भागात तोकाची नावाचा सपाट, सुपीक मुलूख पसरलेला आहे. बटाटा, बीट, गहू आणि दूधदुभते यांवर जगणाऱ्या या मुलखात हिवाळ्याचे कित्येक महिने जमीन दगडासारखी गोठलेली असते. शाळांच्या मैदानांवर पाणी सोडले जाते, रात्रीच्या थंडीने त्याचे बर्फ होते आणि सकाळी मुले त्यावर स्केटिंग करतात. स्पीड स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या नाना आणि मिहो ताकागी या बहिणी इथल्याच मकुबेत्सु गावच्या आहेत. जपानची सर्वांत वेगवान महिला धावपटू चिसातो फुकुशिमा हिचे गावही हेच. तिचा जन्म 27 जून 1988 चा.

(दृश्य : एनिवा येथील छताखालची सरळ धावपट्टी, खिडक्यांबाहेर पडणारे बर्फ)

तोकाचीतल्याच ओबिहिरो शहरातले शालेय शिक्षण संपल्यावर चिसातो एनिवा शहरातल्या होक्काइदो हाय-टेक या क्लबात दाखल झाली. तेथील प्रशिक्षक हिरोयुकी नाकामुरा यांनी बर्फाची तक्रार करण्यात वेळ घालवला नाही. उघड्या मैदानावर लांबच लांब धावा काढणे हिवाळ्यात शक्य नव्हते, तेव्हा छताखाली जे करता येईल तेच त्यांनी नेटाने आणि बारकाईने करून घेतले. आपण पाहत आहात ते बुटके अडथळे घोट्याच्या थोडे वरपर्यंतच येतात. त्यांच्यावरून जाताना गुडघा किती उचलला गेला, पाऊल शरीराच्या पुढे पडले की बरोबर खाली, टाच जमिनीला टेकली का, हे सारे पाहिले जाते. जमिनीवर अंथरलेल्या शिडीच्या घरांतून पाय इतक्या झपाट्याने आतबाहेर होतात की डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत. चिसातोची खरी ताकद हीच होती. तिची ढांग फार लांब नव्हती, पण एका सेकंदात पडणाऱ्या पावलांची संख्या जगातल्या नामवंत धावपटूंच्या तोडीची होती.

शर्यतीचे अकरा सेकंद दूरचित्रवाणीवर सगळेच पाहतात. आम्ही मात्र या पट्टीजवळ अधिक वेळ थांबलो आहोत, कारण उबदार हवामान आणि मोठ्या शहरांतली मैदाने यांच्याशिवाय वेग घडत नाही, हा समज इथेच खोटा ठरला, अशी आमची धारणा आहे.

(दृश्य : बीजिंगचे राष्ट्रीय स्टेडियम, 2008)

100 मीटरचा जपानी महिलांचा विक्रम हिदेको निहेई हिने 2001 मध्ये 11.36 सेकंदांवर नेऊन ठेवला होता. 2008 च्या वसंतात चिसातोने त्याची बरोबरी केली आणि त्याच वर्षी ती बीजिंग ऑलिंपिकला गेली. ऑलिंपिकच्या 100 मीटर शर्यतीत जपानची महिला उतरण्याला त्यापूर्वी 56 वर्षे उलटली होती. ती 11.74 सेकंदांत धावली, आपल्या गटात पाचवी आली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. या स्टेडियमकडे आपण पुन्हा येणार आहोत.

(दृश्य : हिरोशिमा, स्टार्टिंग ब्लॉकवर टेकलेली बोटे, मंदगतीत)

29 एप्रिल 2010. ऑलिंपिकमध्ये जपानला पहिले सुवर्ण मिळवून देणारे तिहेरी उडीपटू मिकिओ ओदा यांच्या स्मरणार्थ हिरोशिमात दरवर्षी स्पर्धा होते, ती ही. रेषेमागे ठेवलेल्या बोटांवर शरीराचा भार आहे, मान सैल आहे, नजर खाली आहे. पिस्तुलाचा आवाज होताच ती ब्लॉकमधून बाहेर पडते आणि पहिल्या काही पावलांतच बाकीच्या मुलींपासून सुटते. पाठीवरचा वारा सेकंदाला 1.7 मीटर, म्हणजे नियमाने मान्य असलेल्या 2 मीटरच्या आत. फलकावर आकडा उमटतो : 11.21. निहेईचा विक्रम चिसातोने आदल्याच वर्षी मागे टाकून 11.24 पर्यंत आणला होता, तोही आता मागे पडला. दोन वर्षांतली ही 15 शतांशांची प्रगती जमिनीवर मोजली तर साधारण सव्वा मीटरहून अधिक भरते, आणि 100 मीटरच्या शर्यतीत एवढ्या अंतरात तीन-चार धावपटू सहज मावतात.

(दृश्य : ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धा, अंतिम रेषा)

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. नाशिकच्या कविता राऊतने 10,000 मीटरमध्ये रौप्य मिळवले त्या याच स्पर्धा. 100 मीटरच्या अंतिम फेरीत चिसातो 11.33 सेकंदांत पोहोचली आणि उझबेकिस्तानची गुझेल खुब्बिएवा 11.34 सेकंदांत. हे चित्र आम्ही थांबवून दाखवत आहोत, कारण दोघींच्या छातींमधले अंतर हाताच्या चार बोटांहून फारसे जास्त नाही. या शर्यतीतले आशियाई सुवर्ण जपानी महिलेला 44 वर्षांनी मिळाले, आणि पुढे 200 मीटरचे सुवर्णही तिनेच घेतले.

2011 मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथील जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत 100 आणि 200 मीटर या दोन्ही शर्यतींची उपांत्य फेरी गाठणारी ती पहिली जपानी महिला ठरली. राष्ट्रीय स्पर्धेतले 100 मीटरचे विजेतेपद 2010 पासून 2016 पर्यंत सलग सात वर्षे तिच्याकडे राहिले.

(दृश्य : पुन्हा बीजिंगचे तेच स्टेडियम, 2015)

जागतिक स्पर्धा, पहिली फेरी. जिथे सात वर्षांपूर्वी 11.74 सेकंद लागले होते, तिथे आता ती 11.23 सेकंदांत धावते आणि उपांत्य फेरीत जाते. पदकांच्या यादीत या धावेची नोंद नाही. तरीही आमच्या मते तिच्या कारकिर्दीतली ही सर्वांत बोलकी शर्यत आहे, म्हणून ती आम्ही न कापता दाखवत आहोत.

(दृश्य : नागोया, जून 2016, वळणावरून बाहेर येणाऱ्या धावपटू)

200 मीटरमध्ये 2010 साली तिने 22.89 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो एका शतांशाने सुधारून 22.88 करायला तिला सहा वर्षे लागली. रिओ ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर, 28 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिने ते साधले.

त्यानंतर तिने होक्काइदो सोडले, दुखापती मागे लागल्या, टोकियो ऑलिंपिकच्या संघात तिला स्थान मिळाले नाही आणि जानेवारी 2022 मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

(दृश्य : एनिवाची रिकामी पट्टी, एका रांगेत मांडलेले बुटके अडथळे)

त्या दिवशी 11.21 आणि 22.88 हे दोन्ही राष्ट्रीय विक्रम चिसातो फुकुशिमाच्याच नावावर होते.