लाथ, थाप आणि कॉम्प्युटर

(बेळगावातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

विषय फळ्यावर लागल्यापासून लोक विचारताहेत, धक्क्यानं कॉम्प्युटर बिघडतो की नाही एवढं सांगायला पाऊण तास कशाला? बिघडतो. खरं कुठला धक्का, कधी आणि कुठल्या भागाला, यावर सगळं आहे, आणि माझ्या दुकानात ते ऐकायला कुणी थांबत नाही. इथं बरं आहे, दारात चिटणीस बसलेत.

आधी खानापूरकडच्या एका पतसंस्थेची गोष्ट. तक्रार अशी की कॉम्प्युटर सकाळी झकास चालतो आणि जेवणानंतर बंद पडतो. व्हायरस, हे निदान संस्थेनंच करून ठेवलेलं. अँटिव्हायरस आणून झाला, फॉरमॅट मारून झाला. कुणाच्या तरी सल्ल्यानं टेबलही फिरवलं, तर कॉम्प्युटर पूर्वेकडे तोंड करून बंद पडायला लागला. मी गेलो आणि काहीच न उघडता कोपऱ्यात बसलो. मॅनेजर अस्वस्थ. ‘काय वो, नुस्तं बसलासा?’ दोनच्या सुमारास कॅशियर डबा खाऊन आले, चप्पल काढली, पाय लांब केले आणि टेबलाखालच्या कॅबिनेटला टेकवले. आपण सगळे त्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, ते सोडा. स्क्रीन काळी! मागची पॉवर कॉर्ड सैल होती. कॅशियर म्हणाले, ‘मी नोकरीला लागल्यापासून असाच बसतो.’ खोटं नव्हतं. टेबल जुनं, पाय जुने, नवा तेवढा कॉम्प्युटर.

कॉर्ड बदलायला दोन मिनिटं पुरली. खरं डिस्क तपासली तर बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे खराब तुकडे, निघाले. चालत्या डिस्कला रोज पाय, वर लिहिता लिहिता वीज तुटणं. दोन्ही मिळून व्हायचं ते झालं.

का होतं? नेहमीच्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. वाचणारं डोकं माहिती साठवणाऱ्या तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केस फार झाला, धुरातला कणही तिथं मावत नाही. धक्क्यानं डोकं खाली आपटलं की तबकडी खरवडते आणि तिथला हिशेब गेला.

आता डॉल्बीकडे वळतो. (हशा.) हसू नका, विषयाला धरूनच आहे. 2016 साली बुखारेस्टमध्ये एका बँकेनं आग विझवण्याच्या गॅसची चाचणी घेतली. गॅस इतक्या मोठ्या आवाजात सुटला की नुसत्या कंपनानं डिस्क खराब झाल्या, एटीएम तासन्‌तास बंद. विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्यावर ज्यांची ऑफिसं आहेत, त्यांनी त्या रात्री कॉम्प्युटर बंद करून जावं. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी खिडकीची तावदानं थरथरत होती, मंडळाचे कार्यकर्ते समोरच बसलेत, नाव घेत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त धक्का सोसते, कारण डोकं बाजूला पार्क झालेलं असतं. म्हणून शटडाउन झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, तबकडी थांबू द्या, मग उचला. सुटी डिस्क मात्र वीतभर उंचीवरून फरशीवर पडली तरी धोका आहे. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही, तिला लाथेची भीती जवळजवळ नाही. खरं बाकीचं आहेच की! मोठं ग्राफिक्स कार्ड किलोभर भरतं आणि एका स्लॉटला लटकतं. प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याला गार ठेवणारा धातूचा ठोकळा, तोही जड. जांबोटीवरून चोर्ला घाटानं गोव्याला मशीन नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग बसवलेला मुख्य बोर्ड, तळाला येईल असं, म्हणजे कार्ड उभं राहतं. खाली गादी घाला. पोचल्यावर नुसती बीप वाजली तर बहुतेक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, सैल झालीय. काढून, टोकं खोडरबरानं पुसून परत बसवा, प्लग काढून ठेवूनच.

राहिली थाप. जुना टीव्ही थापेनं चालायचा, कारण आत सोल्डर सुटलेलं असायचं. कॉम्प्युटर थापेनं सुरू झाला तर कुठलातरी जोड सैल आहे, एवढंच कळलं. त्याच दिवशी फायली पेनड्राइव्हवर घ्या. दुकानात आणताना मोटरसायकलवर मागच्याच्या मांडीवर आणू नका, रिक्षा करा. मॉनिटर आणि कीबोर्ड घरी ठेवले तरी चालतील.