तूट कुणाच्या वहीत?

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर आला की बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधला जाग येते. २०१२ साली उद्घाटन झालेली ही इमारत कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनापुरती, वर्षातले दहा-बारा दिवस गजबजते. हायवेवर पोलिसांच्या गाड्या, शहरातली लॉज फुल्ल, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यावरून तणातणी, आणि आत राज्याच्या तिजोरीवरून भांडण. उरलेलं वर्ष इथे झाडलोट, पहारा आणि वीजबिल. खर्चाला कात्री लावा, असं भाषण नेमकं याच इमारतीत उभं राहून करायला धाडस लागतं, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

२०२५ च्या अधिवेशनात गाजला तो गृहलक्ष्मीचा, म्हणजे घरच्या कर्त्या बाईला महिन्याला मिळणाऱ्या सरकारी पैशांचा हप्ता. फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांचे दोन-दोन हजार रुपये कुठे गेले, असा प्रश्न विरोधकांनी लावून धरला. खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर, म्हणजे आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार, यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. वर्तमानपत्रांनी ती आरोप-प्रत्यारोपांची बातमी म्हणून छापली. मला मात्र त्यातले महिने महत्त्वाचे वाटतात. फेब्रुवारी आणि मार्च. सरकारचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि आपल्याकडे सरकारी हिशेब रोखीवर चालतो. पैसे तिजोरीतून बाहेर पडले की खर्च धरायचा. बिल आलंय, मंजूर झालंय, पण पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षाच्या खर्चात ते दिसतच नाही. वाण्याची उधारी तशीच ठेवून महिनाअखेरीला घरात पैसे शिल्लक पडले म्हणावं, तसाच हा प्रकार. हप्ता मुद्दाम अडवला असा आरोप मी करत नाही. पण मार्चमध्ये जे अडतं त्याने तूट कमी दिसते, हे गणित कुठल्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला पाठ असतं.

आता आकड्यांकडे येऊ. मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी ७ मार्च २०२५ रोजी आपला सोळावा अर्थसंकल्प मांडला, ४ लाख ९ हजार ५४९ कोटींचा. त्यात गृहलक्ष्मीसारख्या पाच गॅरंटी योजनांना ५१,०३४ कोटी. महसुली तूट १९,२६२ कोटी, म्हणजे तेवढी रक्कम रोजच्या खर्चासाठीच उसनी. राजकोषीय तूट, म्हणजे सगळा खर्च भागवायला वर्षभरात काढायचं एकूण कर्ज, ९०,४२८ कोटी, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या २.९५ टक्के. आणि एकूण देणी, म्हणजे डोक्यावरचं आजवरचं सगळं कर्ज, २४.९१ टक्के. हे शेवटचे दोन आकडे पुन्हा ऐका. कर्नाटकाने २००२ सालीच वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. त्यात तुटीची मर्यादा ३ टक्के आणि देण्यांची २५ टक्के. दोन्ही ठिकाणी आपण रेषेच्या अगदी आत, केसभर आत. बरं, आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पातही तूट २.९५ टक्केच होती! इतकं नेमकं दर वर्षी कसं जमतं?

विरोधकांचं म्हणणं सरळ आहे: गॅरंटींनी राज्य कर्जात बुडवलं. सरकार म्हणतं, दिल्ली आमचा वाटा देत नाही. केंद्राच्या करांची राज्यांत वाटणी ठरवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगात कर्नाटकाचा हिस्सा ४.७१३ टक्के होता, पंधराव्यात ३.६४७ वर आला. त्यासाठी मंत्रिमंडळ फेब्रुवारी २०२४ मध्ये जंतर मंतरवर जाऊन बसलं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण आपण सीमेवर राहतो, दोन्हीकडचं बघतो. निपाणीत राहणाऱ्या बाईला गृहलक्ष्मीचे दोन हजार, गडहिंग्लजला दिलेल्या तिच्या बहिणीला लाडक्या बहिणीचे दीड हजार. निपाणीवाली राज्यातल्या साध्या बसमध्ये फुकट, गडहिंग्लजवाली एसटीत अर्ध्या तिकिटात. इथे जे पक्ष रेवडी म्हणून बोटं मोडतात, तेच कोगनोळी नाका ओलांडला की एकवीसशे करू म्हणून मतं मागतात. आणि तिकडचे विरोधक, जे इकडे सरकारात आहेत, ते तिथे तिजोरी रिकामी झाली म्हणून ओरडतात. तेव्हा तत्त्वाचा आव कुणी आणू नये.

कपात करा, कपात करा, असं सगळे म्हणतात. कशात, ते कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०२४ पासून सातव्या वेतन आयोगाने पगार वाढले, त्याचा वर्षाचा बोजा वीस हजार कोटींवर. तो कमी करा, असं एकाही आमदाराने म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. गृहलक्ष्मी बंद करा, असंही कुणी उघड म्हणत नाही. मग कात्री जाते ती ज्याच्यामागे रांग नाही तिथे. महालेखापरीक्षकांनी २०२३-२४ च्या हिशेबावर नेमकं हेच दाखवलं: राजकोषीय तूट ४६,६२३ कोटींवरून ६५,५२२ कोटींवर गेली, आणि पायाभूत कामांवरचा खर्च मात्र ५,२२९ कोटींनी घटला. म्हणजे कर्ज वाढलं आणि रस्ता-पूल कमी झाले. जांबोटीकडचा रस्ता पावसात वाहून जातो आणि दुरुस्तीला पैसा नाही म्हणतात, तेव्हा ती कपातच असते. फक्त तिची घोषणा झालेली नसते.

रिकामी जागा ही अशीच बिनबोभाट कपात. शिक्षक निवृत्त झाला, जागा भरली नाही, पगार वाचला. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांना हे सांगायला नको. जूनमध्ये अतिथी शिक्षक येतो, त्याचं मानधन महिनोन् महिने लटकतं, तो कंटाळून बेळगावात खासगी क्लास धरतो. मग पट घटला म्हणून शाळाच बंद करण्याची फाईल निघते. (भाषेचा प्रश्न वेगळा, तो मी आज मुद्दाम काढत नाही. पैशाचाच तेवढा बोलतो.)

बायकांना फुकट बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. बाई बसमध्ये चढली, आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरने मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून दिलं. हे शून्य तिकीट कागदाचा कपटा नव्हे, बस महामंडळाचं सरकारवरचं बिल आहे. शून्य तिकिटांच्या मूळ भाड्याची बेरीज सरकारने महामंडळाला द्यायची. सरकारने ती पूर्ण आणि वेळेवर दिली नाही की महामंडळाचं डिझेलचं आणि कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचं देणं थकतं. जानेवारी २०२५ मध्ये हेच झालं. चारही महामंडळांना मिळून २ हजार कोटींचं कर्ज काढायला सरकारने हमी दिली, आणि त्याच दिवसांत तिकीट १५ टक्क्यांनी वाढलं. कर्ज महामंडळाच्या नावावर, म्हणून अर्थसंकल्पातल्या तुटीत ते थेट दिसत नाही. भाडेवाढ भरली कुणी? हिंडाल्कोच्या शिफ्टला जाणाऱ्या पुरुषाने आणि कॉलेजला जाणाऱ्या पोराने. बायकांचा प्रवास फुकट असू नये, असं मला मुळीच वाटत नाही. उचगावची भाजीवाली बाई आठवड्याचे तिकिटाचे पैसे वाचवून बचत गटात भरते, हा त्या योजनेचा खराखुरा फायदा आहे. तक्रार एवढीच, की योजना सरकारची असेल तर तिचं बिलही सरकारनेच भरावं, आणि त्याच वर्षी भरावं.

कंत्राटदारांचं रडगाणं तुम्ही ऐकताच. त्यांची राज्य संघटना थकीत बिलांचा आकडा तीस हजार कोटींच्या वर सांगते. संघटनेचा आकडा फुगवलेला असेल, निम्मा धरा. तरी २.९५ टक्क्यांच्या त्या रेखीव तुटीत पंधरा हजार कोटी मिळवून बघा, तीनची मर्यादा सरळ ओलांडली जाते.

म्हणून येत्या मार्चमध्ये टीव्हीवर तूट २.९ टक्के की ३.१ अशी खडाजंगी सुरू झाली, तर ती ऐकायची तेवढी ऐका. त्यापेक्षा आपल्या तालुका पंचायतीत केडीपीची, म्हणजे सरकारी कामांच्या आढाव्याची बैठक होते, आमदार अध्यक्ष असतात, सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात, तिकडे लक्ष द्या. ग्रामपंचायत सदस्य असाल तर आपल्या आमदाराच्या हातात आधीच एक चिठ्ठी द्या: ३१ मार्चला तालुक्यातली कुठल्या खात्याची किती बिलं पडून होती, किती अतिथी शिक्षकांचं मानधन बाकी होतं, गृहलक्ष्मीचे किती हप्ते राहिले होते, आणि डेपोला सरकारकडून किती यायचे होते. अधिकारी म्हणतील, माहिती मागवून देतो. इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्यायला सांगा, आणि पुढच्या बैठकीला पहिला विषय तोच ठेवायला लावा.

नमस्कार.