नाशिक किती लांब?

मंडळी, सलाम. केनियातल्या मोंबासाहून परत येऊन दीड महिना झाला. पाळकसाहेब म्हणाले, तिकडे काय काम केलं ते पुण्याच्या मंडळीला सांगा. काम एवढंच: शाळेच्या दोन खोल्या रंगवल्या, मुलांना गाणी शिकवली, त्यांची गाणी शिकलो. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

रविवारी उपासनेनंतर तिथे लिलाव होतो. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते कोंबडी, मका, आंबे असं अर्पण आणतात. एका आजींनी सहा अंडी आणली होती, वर्तमानपत्रात एकेक वेगळं गुंडाळून. मी चढी बोली लावून ती घेतली आणि आजींच्याच हातात परत ठेवायला गेले. माझा हेतू चांगला होता. पण तिथले एक वयस्कर शिक्षक मध्ये आले आणि हळूच म्हणाले, "बाई, हे तिनं देवाला दिलंय. परत दिलंत तर तिचं अर्पण घेतलंच नाही असं होईल." हंगामाच्या सणाला आपण कोहळ्याची बोली लावतो. घेतलेला कोहळा कोणी परत करतं का? मग तिथे गेल्यावर मला ती बाई फक्त गरीब का दिसावी? हे मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी तेच शिक्षक आम्हाला फ्रेअर टाउनला घेऊन गेले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर, त्यांच्या नावाची ही वस्ती. 1870च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं गुलामीतून सुटलेल्यांसाठी ती वसवली. गुरुवार पेठेत वाढलेल्यांच्या कानात पवित्र नाम देवालय या चर्चच्या घंटा असतातच. इथे रस्त्याकडेला छोट्या मनोऱ्यात एकच घंटा आहे. गुलामांचे व्यापारी चाल करून आले की ती वाजवायची. त्या जागेचं नावच केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी.

घंटेखाली उभं असताना त्यांनी विचारलं, "नाशिक तुमच्याकडून किती लांब?"

म्हटलं, गाडीनं चार-पाच तास. पण तुम्हाला नाशिक कसं ठाऊक?

त्यांच्या पणजोबांचे वडील नाशिकच्या शरणपूरला वाढले होते. इंग्रजांच्या आरमारानं गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात, त्यातली कितीतरी शरणपूरच्या मिशनमध्ये शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली आणि पुढे मोंबासा आणि त्याच्या जवळच्या रबाईकडे गेली. 1873 साली आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथेच वारले तेव्हा त्यांच्यासाठी प्रेतविधीची प्रार्थना वाचणारा, त्यांच्या शवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराईट हा याच शरणपूरचा विद्यार्थी. शरणपूर रोडवरून मी शंभरदा गेले असेन. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आपल्याला वाटत होतं, महाराष्ट्रातून तिथे सुवार्ता घेऊन जाणारे आपणच पहिले. दीडशे वर्षांपूर्वी नाशिकहून माणसं गेली होती, आणि ती तर आपल्या घरी परतत होती.

निघताना त्यांनी एकच मागितलं: "शरणपूर" असं लिहिलेल्या पाटीचा फोटो. त्यांच्या घरात ते नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतलं गेलंय, पण मराठीत कसं लिहितात ते कोणी पाहिलेलं नाही. येत्या शनिवारी मी नाशिकला जातेय. गाडीत तीन जागा आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मला सांगा.